'स्मृतिचित्रे'तील दांपत्य : ख्रिस्ती प्रीती आणि धम्मातील सहजीवन

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठीतील अभिजात ग्रंथांत त्याची गणना होत आली आहे. त्यातील विनोद, भाषेचा साधेपणा आणि लेखिकेचा निर्मळ स्वभाव यांविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु स्त्रीपुरुषांच्या प्रेमाचा आणि विवाहाचा ख्रिस्ती विचार मराठी घरात उतरला तेव्हा त्याचे काय झाले, याचा पुरावा म्हणून हा ग्रंथ क्वचितच वाचला जातो. बौद्ध दृष्टीने तर त्याचे वाचन जवळजवळ झालेलेच नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न आम्ही करणार आहोत.

यास निमित्त घडले ते असे. धंतोलीतील आमच्या पाली अभ्यासवर्गास येणारी एक तरुण उपासिका जवळच्याच एका रुग्णालयात परिचारिका आहे. तेथेच काम करणाऱ्या केरळमधील एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा विवाह ठरू पाहत आहे. मुलाकडील मंडळींची इच्छा अशी की, तिने आधी बाप्तिस्मा घ्यावा. तिच्या घरचे म्हणतात, त्यानेच धम्मदीक्षा घ्यावी. वर्ग संपल्यावर तिने आम्हांस विचारले, "सर, ख्रिस्ती लोक म्हणतात की आमचा धर्मच प्रेमाचा आहे. आपल्या धम्मात प्रेमाला जागा आहे की नाही? की आपल्याकडे नुसते शील?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही तिला 'स्मृतिचित्रे' वाचावयास दिले आणि स्वतःही ते पुन्हा वाचले.

प्रथम ख्रिस्ती विचाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. मराठी पवित्र शास्त्रात प्रेमासाठी 'प्रीती' हा शब्द रूढ आहे. मूळ ग्रीकमधील 'अगापे' या शब्दासाठी तो येतो. ही प्रीती ईश्वरापासून निघते, मनुष्याकडे येते आणि मनुष्याने ती शेजाऱ्यास, एवढेच नव्हे तर शत्रूसही द्यावयाची असते. विवाहात स्त्रीपुरुष एकदेह होतात आणि ईश्वराने जोडलेले हे नाते मनुष्याने तोडू नये, अशी शिकवण आहे. कॅथलिक परंपरा विवाहास संस्कार मानते. प्रॉटेस्टंट परंपरा त्यास ईश्वरासमक्ष केलेला करार मानते. कामवासनेविषयी मात्र या धर्मात प्रारंभापासून संकोच आहे. संत पौलाने ब्रह्मचर्य श्रेष्ठ ठरविले आणि ज्यांना संयम साधत नाही त्यांना विवाहाची मुभा दिली. चौथ्या-पाचव्या शतकांतील ऑगस्टीनने वासनेचा संबंध आदिपापाशी जोडला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मठ सोडला, १५२५ मध्ये विवाह केला आणि गृहस्थाश्रमास पुन्हा प्रतिष्ठा दिली. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनकडे गेले ते या प्रॉटेस्टंट परंपरेतलेच.

या विचारात एक उदात्त अंग आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पतीने पत्नीवर आत्मार्पण करण्याइतके प्रेम करावे, असे पौल सांगतो. परंतु त्याच श्वासात तो पतीला पत्नीचे मस्तक ठरवितो आणि पत्नीने अधीन असावे असेही सांगतो. प्रीती आणि आधिपत्य यांची ही गाठ कायद्यातही उतरली. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यान्वये ख्रिस्ती पतीस पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरेसे होते. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता दूर होण्यास २००१ साल उजाडावे लागले.

आता टिळक दांपत्याकडे वळू. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, लक्ष्मीबाईंचा १८६८ चा. १८८० मध्ये विवाह झाला तेव्हा लक्ष्मीबाई बालिकाच होत्या. माहेरी वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे की त्याखाली सारे घर दडपलेले होते. सासरी आल्यावर पती मिळाला तो कवी, विद्वान, उदार आणि तितकाच शीघ्रकोपी. त्याच्या हातात पैसा राहत नसे आणि लहर लागली की तो कोणास न सांगता घराबाहेर पडे. लक्ष्मीबाई हे सर्व हसत हसत सांगतात. वाचकही हसतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या ध्यानी येते की आपण हसलो त्या प्रसंगात एक मुलगी रात्रभर वाट पाहत बसली होती.

नागपूरशी या कथेचा संबंध निकटचा आहे. धर्मांतरापूर्वी टिळक येथे राहिले होते. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली, त्याने त्यांना 'नवा करार' दिला आणि पर्वतावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात लक्ष्मीबाईंचा वाटा नव्हता. त्यांच्या वाट्यास आला तो परिणाम. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा, नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस आणि चारपाच वर्षांचा दुरावा.

येथे एक गोष्ट टिळकांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस एक वाट मोकळी करून दिली होती. धर्मांतरामुळे पतीने अथवा पत्नीने सलग सहा महिने सोडून दिले, तर धर्मांतरितास न्यायालयात जाता येई, आणि तेथील ठरलेल्या मुदतीनंतरही दुसऱ्या पक्षाचा नकार कायम राहिल्यास विवाह रद्द होऊन पुनर्विवाह करता येई. टिळकांनी हे केले नाही. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्यावर त्यांनी धर्मासाठी जबरदस्तीही केली नाही. त्या आपले सोवळे सांभाळून राहिल्या. पुढे ईश्वराने माणसे निर्माण केली, जाती कोणी केल्या, असा विचार त्यांच्या मनात उभा राहिला आणि तो सरळ शेवटास नेऊन त्यांनी जातिभेद टाकला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. जन्मभर सोवळ्याच्या धाकात वाढलेली एक स्त्री, कोणी उपदेश न करता, स्वतःच्या बुद्धीने जातीचे ओझे उतरविते. या क्षणी ती कोणाचीही अनुयायी नाही.

म्हणूनच या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादास १९५० मध्ये दिलेले नाव आम्हांस खटकते. जोसेफाइन इंक्स्टर यांनी त्यास 'आय फॉलो आफ्टर' असे नाव दिले. 'मी मागोमाग जाते' असा त्याचा अर्थ. पती पुढे, पत्नी मागे आणि अखेर दोघेही ख्रिस्ताच्या चरणी, ही ख्रिस्ती वाचकास आवडणारी मांडणी होय. ग्रंथ मात्र या नावास पुरून उरतो. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले आणि थोडे अध्याय लिहून १९१९ मध्ये ते निवर्तले. त्यात पुढे ६४ अध्यायांची भर घातली ती लक्ष्मीबाईंनी. जी मागे होती असे म्हणतात, तिनेच पुढचे काम ओढून नेले.

प्रचलित समीक्षेचा निष्कर्ष असा असतो की, प्रीतीच्या धर्माने एका संतप्त पतीचे परिवर्तन केले आणि एक मोडलेला संसार जुळविला. हा निष्कर्ष आम्हांस अर्धाच मान्य आहे. क्षमा, धीर आणि निष्ठा हे गुण त्या घरात निश्चित वाढले आणि त्यास ख्रिस्ती श्रद्धेने बळ दिले. परंतु मूळ जखम कशाची होती? पती दुसऱ्या धर्मात गेला हे लक्ष्मीबाईंचे दुःख होतेच. त्यामागे त्याहून जुने दुःख उभे होते. जो लहरीसरशी न सांगता घराबाहेर पडत आला, त्याने आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णयही पत्नीला बाजूस ठेवूनच घेतला. ईश्वराची हाक आली की मनुष्याने उठावे, ही ख्रिस्ती शिकवण आहे. ज्याला हाक आली त्याने शेजारी बसलेल्या पत्नीस विचारावे की नाही, याविषयी ती फारसे बोलत नाही. पतीस मस्तक मानले की विचारण्याचे कारणही उरत नाही.

हे लिहिताना आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक नाव आले असेल. सिद्धार्थ गौतमही घर सोडून गेलाच ना? मध्यरात्री, निजलेल्या पत्नीकडे आणि बाळाकडे एकवार पाहून? हा आक्षेप ख्रिस्ती लेखकांनी आमच्यावर वारंवार घेतला आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पाली ग्रंथांची साक्ष येथे महत्त्वाची आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे मध्यरात्र नाही, घोडा नाही, निजलेली पत्नी नाही. आईवडील अश्रू ढाळीत असताना, त्यांची इच्छा नसताना, आपण केस उतरवून प्रव्रजित झालो, एवढेच ते सांगतात. म्हणजे गृहत्याग चोरून झाला नाही, घरच्यांच्या डोळ्यांदेखत झाला. निजलेल्या राहुलमातेचे दृश्य जातकट्ठकथेच्या निदानकथेत येते, आणि ती रचना पुष्कळ नंतरची आहे. धर्मानंद कोसंबी यांनी हा भेद 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मराठी वाचकांपुढे मांडला होता.

मात्र अरियपरियेसन सुत्तात पत्नीचा उल्लेखच नाही, हेही आम्ही लपवू इच्छीत नाही. ही उणीव भरून काढली ती बाबासाहेबांनी. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे आहे. तो संघापुढे युद्धास विरोध करतो, निर्णय घेतो, आईवडिलांना सांगतो आणि मग यशोधरेकडे जातो. यशोधरा खचत नाही. आपण त्याच्या जागी असतो तर हेच केले असते, अशा अर्थाचे ती बोलते आणि संमती देते. परंपरेने जिला झोपलेली दाखविले तिला बाबासाहेबांनी जागी केले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या पुरुषाने हा प्रसंग असा लिहावा, यात आम्हांस योगायोग दिसत नाही. स्त्रीच्या संमतीवाचून केलेला त्याग त्यांना धम्माचा आरंभ म्हणून मान्य नव्हता.

बाबासाहेबांची दृष्टी ही, आणि आमच्या परंपरेतील माणसांचे वर्तन? स्वतः धर्मानंद कोसंबी यांचेच उदाहरण घ्या. १८९९ मध्ये ज्ञानाच्या ओढीने त्यांनी गोव्यातील घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. बुद्धधर्माच्या शोधात ते नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश फिरले. कुटुंबाशी पुन्हा गाठ पडावयास कित्येक वर्षे लोटली. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी आपला प्रवास प्रांजळपणे लिहिला आहे. त्यांच्याविषयी आम्हांस ऋणभाव आहे. त्यांच्या परिश्रमांवाचून महाराष्ट्रात पाली अध्ययन उभे राहिले नसते. परंतु बाळाबाईंचे 'स्मृतिचित्रे' आमच्याजवळ नाही. टिळकांच्या घरची जखम आपण ओळखतो, कारण लक्ष्मीबाईंनी ती लिहिली. आमच्या पंडिताच्या घरची जखम न लिहिलेली राहिली, म्हणून ती नव्हती असे होत नाही.

आता त्या उपासिकेच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. धम्मात प्रेमाला जागा आहे काय? पालीत प्रेमासाठी एक शब्द नाही, अनेक आहेत. काम, राग, पेम, सिनेह आणि मेत्ता हे पाच तरी सहज सांगता येतील. या शब्दांतील भेद महत्त्वाचा आहे. काम आणि राग यांत हवेपणा आहे. मेत्तेत दुसऱ्याचे हित आहे. ख्रिस्ती विचार वासनेकडे पाप म्हणून पाहतो, म्हणजे ती ईश्वराच्या आज्ञेचा भंग ठरते. धम्म तिच्याकडे दुःखाचे कारण म्हणून पाहतो आणि विचारतो, हिच्यामुळे कोणास इजा होते? गृहस्थासाठी कामसुख निषिद्ध नाही. निषिद्ध आहे तो मिथ्याचार. म्हणून तिसरे शील पतीस आणि पत्नीस एकाच शब्दांत लागू होते.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त उपासकांच्या घरोघरी वाचले जाते, परंतु त्यातील क्रम आपण नीट ध्यानी घेत नाही. पतिपत्नींच्या कर्तव्यांत आधी पतीची पाच कर्तव्ये येतात. तिला मान देणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपविणे आणि तिला अलंकार देणे ही ती पाच होत. अधिकार सोपविणे यासाठी 'इस्सरियवोस्सग्ग' असा शब्द आहे. इस्सरिय म्हणजे स्वामित्व आणि वोस्सग्ग म्हणजे सोडून देणे. पौलाच्या मस्तकाच्या उपमेशेजारी हा शब्द ठेवून पाहावा. एक पतीच्या ठायी स्वामित्व ठेवतो आणि त्यास प्रेमाने मऊ करू पाहतो. दुसरा स्वामित्वच हातावेगळे करावयास सांगतो.

अंगुत्तरनिकायात नकुलपिता आणि नकुलमाता या वृद्ध दांपत्याच्या हकीकती आहेत. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार बाबतींत जे समान असतात त्यांचे सहजीवन टिकते, असे तथागत त्यांना सांगतात. एकदा नकुलपिता आजारी पडून मरणोन्मुख झाला, तेव्हा नकुलमाता त्यास म्हणाली की, चिंता घेऊन मरू नकोस; मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलांना वाढवीन, शीलाने राहीन. ते ऐकून तो बरा झाला, असे सुत्त सांगते. आमच्या दृष्टीने पाली वाङ्मयातील ही उत्कृष्ट प्रेमकथा आहे. तिच्यात प्रेम हा शब्द क्वचितच येतो. कातलेले सूत आणि पिंजलेली लोकर येते. लक्ष्मीबाईंना ही स्त्री लगेच आपली वाटली असती.

तथापि पाली ग्रंथांत जे जे आहे ते सर्व समतेचे आहे, असा दावा आम्ही करणार नाही. त्याच निकायात अनाथपिंडिकाच्या सुनेला, सुजातेला, सात प्रकारच्या पत्नी सांगितल्या आहेत. त्यांत दासीसारखी पत्नीही आहे. दंडाचा धाक दाखविला तरी ती सहन करते, आणि तिची गणना सद्गतीस जाणाऱ्यांत केली आहे. हे वाचताना आमचे मन थबकते. बाबासाहेबांनी आम्हांस कसोटी दिली आहे की, जे बुद्धिसंगत नाही आणि जे मनुष्याच्या हिताचे नाही ते बुद्धवचन मानू नये. ती कसोटी ख्रिस्ती ग्रंथांना लावावयाची आणि आपल्या ग्रंथांना लावावयाची नाही, असे करता येणार नाही.

तीच कसोटी आपल्या घरांनाही लावली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या नागपुरात बाबासाहेब आणि माईसाहेब यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून एकत्र दीक्षा घेतली. १८९५ च्या एकट्या बाप्तिस्म्याशेजारी हे दृश्य ठेवले म्हणजे दोन धर्मांतरांतील अंतर कळते. त्या दिवशी लाखो कुटुंबे दीक्षाभूमीवर होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात चळवळीतील स्त्रियांचे बोल नोंदविले, त्यावरून अनेक स्त्रिया किती समजून उमजून या मार्गावर आल्या ते दिसते. पण 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी आपले लेखन वर्षानुवर्षे पतीपासून लपवून ठेवले होते, हेही त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. लक्ष्मीबाईंनी लिहिले ते पतीच्या निधनानंतर. बेबीताईंनी लिहिले ते पतीची नजर चुकवून. एक ख्रिस्ती, एक बौद्ध. धर्म बदलला की पतीच्या हातातले स्वामित्व आपोआप गळून पडत नाही, याची ही दोन्हीकडची साक्ष आहे.

म्हणून ख्रिस्ती प्रीती श्रेष्ठ की बौद्ध मैत्री श्रेष्ठ, या वादात आम्ही शिरत नाही. ख्रिस्ती विचाराने क्षमेला आणि निष्ठेला जे स्थान दिले आहे त्यापासून आमच्या घरांनी शिकावे. शब्दास जागण्यासाठी टिळकांनी कायद्याची पळवाट नाकारली, हे आमच्यातील किती पुरुषांना साधेल? उलट ख्रिस्ती बंधुभगिनींनी धम्माकडून इस्सरियवोस्सग्ग हा एक शब्द घ्यावा. प्रेम कितीही मोठे असले तरी जेथे एकाने ठरवावयाचे आणि दुसऱ्याने मागे यावयाचे, तेथे ते दुसऱ्यास जखमी केल्यावाचून राहत नाही.

त्या उपासिकेस आम्ही एवढेच सांगितले की, विवाहासाठी घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हे आणि विवाहासाठी घेतलेली दीक्षा ही दीक्षा नव्हे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दोघांनाही आपापला धर्म राखून विवाह करता येतो. पुढे कोणास दुसऱ्याचा मार्ग पटला तर त्याने आधी घरात बोलावे. यशोधरेस सांगून जावे, आणि तिने काय म्हटले ते ऐकून घ्यावे. घरच्यांची समजूत घालणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. आमच्याच वर्गातील काही ज्येष्ठ उपासकांना हा सल्ला आवडला नाही. त्यांच्या मते अशाने धम्माची हानी होते. आमचे मत उलट आहे. जी दीक्षा एका मुलीच्या प्रश्नापुढे टिकत नाही, तिच्या रक्षणाने धम्म वाढत नाही.

'स्मृतिचित्रे'ची आमची प्रत अद्याप तिच्याकडेच आहे. परवा वर्गात तिने सांगितले की, त्या तरुणास मराठी वाचता येत नाही, म्हणून पाळी संपल्यावर धंतोलीच्या बागेत बसून ती त्याला थोडे थोडे वाचून दाखविते. टिळक घरातून निघून जातात त्या प्रसंगी तो पहिल्यांदा हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, त्या बाईने त्या रात्री काय केले ते पुढे वाच.